पाच फूट नऊ इंचांचा बचाव

१९७४ सालची गोष्ट. उत्तर इटलीत ब्रेशिया शहराजवळ त्रावाल्यातो नावाचं गाव आहे. तिथला एक चौदा वर्षांचा पोरगा मिलान शहरात इंटर क्लबच्या निवड चाचणीला गेला. त्याचा दोन वर्षांनी मोठा भाऊ जुझेप्पे इंटरने आधीच घेतला होता. धाकट्याला पाहून मात्र निवड करणाऱ्यांनी मान हलवली. अंगात काही नाही, फार किरकोळ आहे, पुढच्या वर्षी बघू. पोराने पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबात, एसी मिलानमध्ये, त्याने चाचणी दिली आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं. फ्रांको बारेसी त्याचं नाव. १९९७ साली निवृत्त होईपर्यंत तो दुसऱ्या कुठल्याही क्लबाकडून खेळला नाही. एकाच शहरात आपलं घर सोडून शेजाऱ्याच्या घरात वाढलेला हा पोरगा पुढे इंटरच्या आघाडीपटूंना वर्षानुवर्षं छळत राहिला. मोठा भाऊ इंटरचा कर्णधार झाला, धाकटा मिलानचा. शहरातल्या या दोन क्लबांच्या सामन्याआधी नाणेफेकीला दोघे सख्खे भाऊ समोरासमोर उभे, असं दृश्य त्या काळात अनेकदा दिसलं.

इंटरच्या त्या परीक्षकांना आज नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्याकडे जी फूटपट्टी होती, तिने त्यांनी बरोबरच मोजलं होतं. त्या काळी इटलीत बचावपटू म्हणजे पाळतीवरचा माणूस. सामन्याआधी प्रशिक्षक सांगायचा, तो नऊ नंबरवाला तुझा. मग नव्वद मिनिटं त्याच्या पाठीला चिकटायचं. तो पाणी प्यायला गेला तर आपणही तहान लागल्यासारखं करायचं. या कामाला उंची लागते, धक्का पचवणारं शरीर लागतं आणि थोडा निर्दयपणाही लागतो. पाळतीवाल्यांच्या मागे आणखी एक जण मोकळा ठेवलेला असे. त्याला इटलीत 'लिबेरो' म्हणत. त्याच्या वाट्याला ठरावीक माणूस नसे. पुढच्या कोणाला हुलकावणी बसली की निसटलेला चेंडू त्याने उचलायचा, वेळ पडली तर सरळ प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा. बारेसी या जागेवर खेळू लागला. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची उंची पाच फूट नऊ इंचांच्या आसपासच राहिली. जगातल्या मधल्या बचावपटूंच्या मानाने ही उंची बुटकीच म्हणायची. मिलानच्या लोकांनी त्याला आपल्या बोलीत 'पिशिनिन' म्हणायला सुरुवात केली होती. म्हणजे चिमुरडा. हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

घरची माणसं शेतावर राबणारी. फ्रांको विशीत पोचण्याआधी आईवडील दोघेही गेले. क्लबाचं वसतिगृह हेच घर झालं. बारेसी आयुष्यभर कमी बोलला आणि मैदानाबाहेर त्याने कधी गाजावाजा केला नाही. त्याचं मूळ इथे शोधण्याचा मोह होतो, पण असल्या मानसशास्त्राच्या फार मागे लागू नये. मैदानात तर तो सतत ओरडत असायचा.

२३ एप्रिल १९७८ रोजी व्हेरोनाविरुद्ध त्याला पहिल्यांदा मुख्य संघात उतरवलं. वय सतरा. प्रशिक्षक होते स्वीडनचे निल्स लिडहोम, एकेकाळचे मिलानचेच मोठे खेळाडू. पुढच्या हंगामात त्यांनी या पोराला बचावाच्या केंद्रस्थानी कायमची जागा दिली आणि १९७९ साली मिलानने इटलीचं दहावं विजेतेपद मिळवलं. जान्नी रिवेरा या थोर खेळाडूचा तो शेवटचा हंगाम. जुन्या पिढीचा निरोप आणि नव्याचं आगमन एकाच फोटोत.

आणि लगेच घर कोसळलं. १९८० साली इटलीत सामन्यांच्या निकालांवरच्या सट्ट्याचं प्रकरण बाहेर आलं. मिलानचे अध्यक्ष आणि काही खेळाडू त्यात सापडले. शिक्षा म्हणून क्लबाला 'सेरी बी' या दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. एका वर्षात संघ वर आला. १९८२ साली पुन्हा खाली घसरला, आणि या वेळी कुठलंही प्रकरण नव्हतं, निव्वळ वाईट खेळामुळे. मधल्या काळात बारेसीला रक्ताचा आजार झाला आणि तो काही महिने खेळापासून दूर राहिला. दुसऱ्या श्रेणीत अडकलेल्या क्लबातून चांगला खेळाडू निघून जातो, ही जगाची रीत आहे. बारेसी राहिला. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी आली आणि पंधरा वर्षं ती तिथून हलली नाही.

दुसऱ्या श्रेणीतल्या त्या वर्षांकडे त्याचे चरित्रकार निष्ठेची कहाणी म्हणून पाहतात. ती निष्ठा होतीच. मला त्यात शिक्षणही दिसतं. दुबळ्या संघाच्या बचावपटूला एका सामन्यात जेवढं काम पडतं, तेवढं बलाढ्य संघाच्या बचावपटूला महिन्यात पडत नाही. समोरून हल्ल्यावर हल्ला येतो, बाजूचे सहकारी चुकत असतात आणि शेवटचा माणूस म्हणून सगळं निस्तरायला एकटाच असतो. कुठला पास येणार हे आधी ओळखण्याची बारेसीची जी सवय पुढे जगाने पाहिली, तिची तालीम अशाच दुपारी झाली असणार.

राष्ट्रीय संघात त्याचं नशीब वेगळंच होतं. १९८२ च्या विश्वचषकासाठी स्पेनला गेलेल्या इटलीच्या संघात तो होता, पण एक मिनिटही खेळला नाही. त्याच्या जागेवर युव्हेंटसचा गाएतानो शिरेआ होता, आणि शिरेआला बाहेर बसवावं असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. इटली जिंकली. बारेसीच्या गळ्यात विश्वविजेतेपदाचं पदक पडलं. पुढे १९९० साली तिसऱ्या क्रमांकाचं मिळालं आणि १९९४ साली उपविजेत्याचं. विश्वचषकाची तिन्ही पदकं घरात असणारी माणसं जगात फारच थोडी. १९८६ साली तर त्याची निवडच झाली नाही. प्रशिक्षक एंझो बेआर्झोत यांनी मेक्सिकोला नेला तो मोठा भाऊ जुझेप्पे. फ्रांको तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याची कारकीर्द अर्धी झाली होती. त्या क्षणी हिशेब मांडला असता तर एक विजेतेपद, दोनदा घसरण आणि न खेळता मिळालेलं एक पदक, एवढीच जमा निघाली असती.

१९८६ च्या सुरुवातीला सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी दिवाळखोरीच्या काठावरचा मिलान विकत घेतला आणि दीड वर्षाने एक अनोळखी प्रशिक्षक आणला. आरिगो साक्की कधीही व्यावसायिक फुटबॉल खेळला नव्हता. वडिलांच्या कारखान्यातले बूट विकायचं काम त्याने केलं होतं. त्याची ओळख एवढीच, की दुसऱ्या श्रेणीतल्या पार्माला घेऊन येऊन त्याने इटालियन चषकात मिलानला त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. हा माणूस आला आणि त्याने इटलीचा कर्णधार होऊ घातलेल्या बारेसीला पार्माच्या सिनोरिनी नावाच्या बचावपटूच्या चित्रफिती दाखवायला सुरुवात केली. असं खेळ, म्हणाला. सत्तावीस वर्षांच्या नावाजलेल्या खेळाडूला दुसऱ्या श्रेणीतल्या माणसाकडून धडे घ्यायला सांगणं म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. बारेसीला ते झोंबलं, असं म्हणतात. पण फिती त्याने पाहिल्या.

त्या फितींत काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आज जगभर जो बचाव खेळला जातो त्याचा बराचसा पाया तिथे आहे. साक्कीने माणसामागे माणूस लावणं बंद केलं. लिबेरोला मागे मोकळं ठेवणंही बंद केलं. चार बचावपटू एका आडव्या रेषेत उभे करायचे : उजवीकडे तासोत्ती, मध्ये कोस्ताकुर्ता आणि बारेसी, डावीकडे कोवळा पाओलो माल्दिनी. या चौघांनी राखायची ती जागा. समोरचा आघाडीपटू हलला म्हणून आपण त्याच्यामागे धावायचं नाही. चेंडू हलला की चौघांनी एकदम, एकाच अंतरात हलायचं. कबड्डी पाहिलेल्याला हे लवकर कळेल. साखळीतल्या एकाने आधी झेप घेतली आणि दुसरा जागीच राहिला, की चढाईला आलेला मधल्या फटीतून निसटलाच.

दुसरी गोष्ट याहून धाडसी होती. ही रेषा गोलजवळ न ठेवता साक्कीने ती पार वर, मैदानाच्या मध्याकडे आणली. शेवटच्या बचावपटूपासून आपल्या सर्वांत पुढच्या आघाडीपटूपर्यंत पंचवीस मीटरपेक्षा जास्त अंतर असता कामा नये, असा त्याचा नियम. दहा माणसं एवढ्या पट्ट्यात दाटली की प्रतिस्पर्ध्याला चेंडू घेऊन वळायलाही जागा उरत नाही. पण मग मागे, रेषा आणि गोलरक्षक यांच्यामध्ये, मोठी मोकळी जमीन पडते. तिथे कोणी चेंडू टाकला आणि कोणी धावत सुटला, तर?

तिथे ऑफसाइडचा नियम कामाला येतो. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असलेला आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे किमान दोन खेळाडू हवेत. त्यातला एक बहुतेक वेळा गोलरक्षक असतो. म्हणजे बचावाची रेषा योग्य क्षणी दोन पावलं पुढे सरकली, की तिच्यामागे राहिलेला आघाडीपटू आपोआप बाद ठरतो. दोन पावलं. ती अर्धा सेकंद आधी टाकली तर समोरचा सावध होतो, अर्धा सेकंद उशिरा टाकली तर तो एकटा गोलरक्षकासमोर पोचतो. हा क्षण कोणी ठरवायचा? बारेसीने.

त्याची खूण साधी होती, आणि आजही शिकवली जाते. चेंडूवाल्याकडे पाहायचं. त्याच्यावर आपला माणूस तुटून पडला असेल, त्याची मान खाली असेल, तर त्याला लांबचा पास देता येणार नाही. अशा वेळी रेषा पुढे. त्याला मोकळीक असेल, मान वर असेल, पाय मागे घेतला असेल, तर पास येणार. अशा वेळी रेषा मागे, आणि पळत मागे. म्हणजे चाळीस मीटर पलीकडे कोणाची मान कुठे आहे, यावर मिलानची बचावफळी हलत होती. बारेसी हे एका नजरेत वाचायचा, ओरडायचा आणि चौघे जण सरकायचे. सरकतानाच त्याचा हात वर जायचा : बघा, ऑफसाइड. हात वर केलेला, जर्सी बाहेर आलेली, अशी त्याची छबी त्या दशकाच्या कितीतरी फोटोंत आहे. त्यातले काही हात पंचांवर दबाव टाकण्यासाठीही होते, हे मान्य करू. बारेसी संत नव्हता. त्याची टॅकल दणदणीत असायची आणि कार्डंही त्याने भरपूर खाल्ली.

आता त्या पाच फूट नऊ इंचांकडे परत पाहा. पाळत ठेवणाऱ्याला शरीर लागतं, कारण त्याचं प्रत्येक भांडण अंगाला अंग भिडवूनच सुटतं. रेषा राखणाऱ्याचं काम भांडण सुरू होण्याआधीचं असतं. आघाडीपटू उडी मारण्याआधी चेंडू अडवायचा, पळण्याआधी त्याला ऑफसाइड करायचं. आणि जिथे धावणं भागच पडे, तिथे बारेसी छोट्या अंतरात विजेसारखा होता. उंचीची उणीव तो दोन सेकंद आधी निघून भरून काढत असे. इंटरने ज्या मुलाला मोजलं त्याच्यात मोजता न येणारी गोष्ट हीच होती. खरं तर तेव्हा ती मोजण्याची कोणाला गरजच वाटत नव्हती.

साक्कीचा सराव खेळाडूंना वेड लावणारा असे. चेंडूच नसलेले सराव सामने तो घ्यायचा. कल्पनेतला चेंडू कुठे आहे ते बाहेरून सांगत जायचं आणि अकरा जणांनी त्याप्रमाणे जागा बदलत राहायच्या. बाहेरून चोरून पाहणाऱ्याला वाटावं, ही माणसं खुळावली आहेत. रुड खुलित आणि मार्को फान बास्टेन या डच दिग्गजांना या सगळ्याचं कारण कळेना, तेव्हा साक्कीने एक पैज लावली, असं तो पुढे अनेकदा सांगे. गोलरक्षक आणि हे चार बचावपटू एका बाजूला, उरलेले दहा जण दुसऱ्या बाजूला. दहांनी ठरावीक वेळात एक गोल करून दाखवायचा. अट एवढीच, चेंडू गमावला की मागे जाऊन पुन्हा सुरुवात. साक्कीच्या म्हणण्याप्रमाणे त्या दहांना, आणि त्यांत खुलित आणि फान बास्टेनही होते, एकही गोल जमला नाही.

मग निकाल आले. १९८७-८८ च्या हंगामात मिलानने तीस सामन्यांत फक्त १४ गोल खाल्ले आणि मॅराडोनाच्या नापोलीला मागे टाकून विजेतेपद घेतलं. १९८९ साली युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला घरच्या मैदानावर ५-०, अंतिम सामन्यात स्टेआउआ बुखारेस्टला ४-०. १९९० साली पुन्हा तोच चषक. १९८९ च्या 'बॅलन डी'ओर' पुरस्कारात पहिला फान बास्टेन, दुसरा बारेसी, तिसरा रायकार्ड. तिघेही एकाच संघाचे. बचावपटूला हा पुरस्कार मिळणं दुर्मीळच. जर्मनीच्या बेकेनबाउरला आणि झामरला मिळाला, आणि २००६ साली इटलीच्या फाबिओ कान्नावारोला. कान्नावारोची उंचीही साधारण बारेसीएवढीच.

आणखी एक गंमत. चेंडू पायात घेऊन बारेसी मागून पुढे निघाला की आघाडीपटूंची पंचाईत व्हायची, याला अडवायचं कोणी? १९८९-९० च्या इटालियन चषकात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान त्याने मिळवला. गोल चारच होते, पण एका बचावपटूच्या नावापुढे अशी नोंद पाहायला मिळणं मजेदार आहे.

टीकाकार म्हणायचे, हा सगळा ऑफसाइडचा सापळा आहे, नियम बदलला की संपला. नियम खरंच बदलले. १९९० साली ठरलं की आक्रमक खेळाडू बचावाच्या रेषेच्या अगदी बरोबरीत असेल तर तो ऑफसाइड नाही. त्याआधी बरोबरीतलाही बाद होत असे. १९९२ साली, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायला बंदी आली. संकटात सापडलेल्या बचावपटूची एक मोठी पळवाट त्यामुळे बंद झाली. दोन्ही बदल बचावाच्या विरोधात. साक्की जाऊन फाबिओ कापेलो आला होता. आणि याच काळात मिलान सलग ५८ साखळी सामने हरला नाही. मे १९९१ पासून मार्च १९९३ पर्यंत. १९९१-९२ चा तर अख्खा हंगाम अपराजित. १९९३-९४ मध्ये ३४ सामन्यांत मिलानने स्वतः अवघे ३६ गोल केले, विजेत्या संघासाठी हा आकडा कंजूषच. तरी तो विजेता ठरला, कारण खाल्ले फक्त १५. गोलरक्षक सेबास्तिआनो रोस्सी सलग ९२९ मिनिटं गोल न खाता उभा राहिला. सापळा हे त्या बचावाचं एक हत्यार होतं. ते बोथट झालं तरी वेळ ओळखणारा माणूस तोच होता.

त्याचं वयही पाहण्यासारखं आहे. हे सगळं एकतीस ते चौतीस या वर्षांत घडलं. आघाडीपटूची धाव तिशीनंतर मंदावू लागली की त्याच्याकडे फारसं उरत नाही. मधल्या बचावपटूचं तसं होत नाही. पाय थोडे जड झाले तरी डोळे अजून शिकत असतात, आणि हजारो हल्ले पाहून झालेल्या माणसाला नवा हल्ला फारसा नवा नसतो.

१९९४ साली मे ते जुलै या दोन महिन्यांत बारेसीच्या कारकिर्दीचा सगळा अर्क गोळा झाला आहे. १८ मे रोजी अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मिलान विरुद्ध योहान क्रायफ यांचा बार्सिलोना. त्या संघात ब्राझीलचा रोमारिओ होता, त्या वेळचा जगातला सर्वांत घातक आघाडीपटू. उपांत्य सामन्यातल्या कार्डांमुळे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघांवरही बंदी. बचावाचा मधला कणाच काढून घेतलेला मिलान मोडणार, असं बहुतेकांचं भाकीत होतं. माल्दिनी डावीकडून मध्ये आला, त्याच्या जोडीला फिलिप्पो गाल्ली. मिलान ४-० ने जिंकला. दानिएले मासारोचे दोन गोल. रोमारिओची पाटी कोरी.

बारेसीशिवाय एवढं जमलं, तर बारेसी काही अपरिहार्य नव्हता, असा अर्थ कोणी काढू शकेल. मला उलट वाटतं. दहा वर्षं ज्याच्या शेजारी उभं राहून माल्दिनी शिकला, त्याच्या डोक्यात त्या रात्री बारेसीच बोलत असणार. एका माणसाची नजर चार जणांची सवय होऊन बसली, यापेक्षा मोठी पावती कर्णधाराला दुसरी कुठली मिळणार?

महिन्याभराने अमेरिकेत विश्वचषक. इटलीचा प्रशिक्षक आता साक्की, कर्णधार बारेसी, वय चौतीस. पहिल्या सामन्यात आयर्लंडकडून हार. दुसरा २३ जूनला नॉर्वेविरुद्ध. गोलरक्षक पाल्युका पूर्वार्धातच बाहेर काढला गेला, आणि उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच बारेसीचा गुडघा गेला. गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चेची गादी, मेनिस्कस, फाटली होती. दहा जणांची इटली तो सामना १-० ने जिंकली, पण कर्णधाराचा विश्वचषक संपला असंच सगळे धरून चालले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने फाटलेला भाग काढला तरी अव्वल दर्जाच्या खेळाला परतायला आठवडे लागतात. इटली कशीबशी, रॉबर्टो बाज्जोच्या गोलांवर, पुढे पुढे सरकत अंतिम फेरीत पोचली. आणि १७ जुलैला पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर संघ उतरला, तेव्हा पुढे बारेसी होता. दुखापतीला चोवीस दिवस झाले होते.

सामना तिथल्या भर दुपारी, युरोपच्या टीव्हीच्या सोयीने. भारतात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. ९४ हजारांहून जास्त प्रेक्षक, रणरणतं ऊन, आणि समोर पुन्हा रोमारिओ, जोडीला बेबेतो. कोस्ताकुर्ता पुन्हा बंदीमुळे बाहेर. बारेसीशेजारी मध्ये माल्दिनी. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या इतिहासात पहिल्यांदाच १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. अनेकांनी त्या सामन्याला कंटाळवाणा म्हटलं आहे. मला तो निवाडा आळशी वाटतो. एक लंगडणारा चौतीस वर्षांचा माणूस त्या दिवशी रोमारिओच्या पायातून चेंडू काढून घेत होता, तेही बहुतेक वेळा जमिनीवर न पडता, उभ्या उभ्या. सगळं त्याचंच श्रेय नव्हतं. पाल्युकाच्या हातातून सुटलेला एक चेंडू खांबावर आपटला, जादा वेळात रोमारिओने समोर आलेली संधी वाया घालवली. पण ब्राझीलच्या हल्ल्याला जिथे जिथे जायचं होतं, तिथे बारेसी आधीच पोचलेला असायचा. शेवटी शेवटी त्याच्या पायांत गोळे आले.

मग पेनल्टी. पहिला फटका बारेसीचा. चार वर्षांपूर्वी नापोलीत अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही इटलीचा पहिला फटका त्यानेच मारला होता आणि गोल केला होता, त्यामुळे या निवडीत भावनेचा भाग नव्हता. या वेळी चेंडू आडव्या दांडीवरून गेला. मासारोचा फटका ताफारेलने अडवला. शेवटी बाज्जोचाही वरून गेला आणि ब्राझील ३-२ ने जिंकला. बारेसी मैदानावर ढसाढसा रडला. मिलानचे दोघे आणि बाज्जो हरले, रोमारिओ जिंकला. पण अथेन्समध्ये बारेसीच्या शिष्यांनी आणि पासाडेनात खुद्द बारेसीने, मिळून २१० मिनिटं त्याला चालू खेळात गोल करू दिला नव्हता.

त्या वर्षीच त्याने राष्ट्रीय संघ सोडला. ८१ सामने, १ गोल. मिलानसाठी तो आणखी तीन हंगाम खेळला. १९९५-९६ चं विजेतेपद वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळवलं. हे त्याचं सहावं. निरोपाचा हंगाम अगदीच वाईट गेला, मिलान अकराव्या क्रमांकावर घसरला, आणि मग १९९७ साली तो थांबला. मिलानसाठी ७१९ सामने. क्लबाने ६ नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली आणि कर्णधाराची पट्टी माल्दिनीने घेतली, जी तो पुढे २००९ पर्यंत वागवत होता. बारेसीने नंतर लंडनच्या फुलहॅम क्लबात थोडे आठवडे संचालक म्हणून काम करून पाहिलं. ते जमलं नाही. तो मिलानला परतला आणि तिथल्या मुलांना शिकवू लागला.

पासाडेनाच्या त्या सामन्याचं चित्रण कधी पाहायला मिळालं, तर पेनल्टी सोडून द्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आधीची १२० मिनिटं बघा आणि चेंडूकडे न बघता इटलीच्या ६ नंबरवर नजर ठेवा. पास निघण्याआधी तो कुठे निघालेला असतो, एवढंच मोजा.